अक्काची तब्येत कोणी विचारली?

अन्याय अक्कावर झाला. कधी झाला तेही सांगते. गेल्या वर्षी, बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी, ती चहाचं आधण ठेवायला आत गेली आणि कप घेऊन बाहेर आली, एवढ्या वेळात. राजारामपुरीत, आमच्या गल्लीत, दिवसाढवळ्या, माणसांच्या देखत झाला. कोणी हात उचलला नाही, कोणी वाईट शब्द बोललं नाही. सगळे हसतखेळत होते. म्हणून मला त्याचा राग जास्त येतो. शिवी दिली असती तर अक्काने दोन परत दिल्या असत्या. तेवढी तिची जीभ खमकी होती.

पण आधी अक्का कशी होती ते ऐका.

अक्काला कोणी "बरी हाय का?" असं विचारलं की ती सासऱ्यांची तब्येत सांगायची. मुद्दाम नाही, थट्टेनेही नाही. प्रश्न तिच्या कानापर्यंत पोचायचा तो अप्पांचा होऊनच. गल्लीत नवीन आलेल्या भाजीवालीने एकदा गाडी उभी करत सहज विचारलं, "काय आजी, बरं हाय न्हवं?" अक्का मेथीची जुडी उलटीपालटी करत म्हणाली, "व्हय की. सकाळी पोट साफ झालं. काल जरा कफ हुता, पर आता मोकळा झालाय." भाजीवाली दचकली. म्हणाली, "आजी, आजून बोहनी न्हाय माझी. कफाचं नंतर सांगा की." गल्ली खो खो हसली. अक्कासुद्धा हसली. पण दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा तेच केलं.

घर आमच्या समोरचं. माणसं तीन. अप्पा म्हणजे अक्काचे सासरे, पंच्याऐंशीच्या पुढचे, अर्धांग होऊन पलंगाला खिळलेले. अण्णा म्हणजे अक्काचा नवरा, मार्केट यार्डात गुळाची अडत सांभाळणारे. आणि अक्का. मुलगा पुण्यात, तो दिवाळीला येतो आणि आजोबांबरोबर फोटो काढून जातो. अक्काचं स्वतःचं वय साठीच्या पुढे गेलं होतं, हे कोणाच्या लक्षात नव्हतं. म्हातारं माणूस म्हटलं की त्या घरात अप्पांकडेच बोट जायचं. दुसरंही एक म्हातारं माणूस त्याच घरात धावतंय, हे दिसत नव्हतं, कारण ते धावत होतं.

अप्पा भरदार गडी. जन्म गुळात गेला. हमालांनी रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, कसे उचलायचे, गाडीत कसे लावायचे, यावर त्यांची नजर असायची. अर्धांगाने उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, पण देखरेख करायची सवय काही गेली नाही. अक्का त्यांना पलंगावरून खुर्चीत घ्यायला लागली की ते तिला हमालासारख्या सूचना द्यायचे. "कंबर नगं. गुडघा वाक. गुडघा." अक्का जुन्या सुती लुगड्याचा चौपदरी पट्टा त्यांच्या कमरेमागून घ्यायची, दोन्ही टोकं मुठीत धरायची, आपला गुडघा त्यांच्या गुडघ्याला टेकवायची आणि कानडीत म्हणायची, "एळ्री अप्पा, एळ्री." उठा अप्पा, उठा. तिचं माहेर गडहिंग्लजकडचं, सीमेला लागून. चिडली की मराठी आणि माया आली की कानडी, असा तिचा हिशेब. गल्लीत उभं राहून तो आवाज ऐकला तर वाटावं, आत कोणी शाळेच्या पोराला लाडाने उठवतंय. प्रत्यक्षात स्वतःच्या दीडपट वजनाचा माणूस ती एकटी उचलत असायची. उचलून झालं की भिंतीला हात लावून उभी राहायची. अप्पा धापा टाकत म्हणायचे, "आज रवा नीट लागला." अक्का म्हणायची, "मजुरी काढा मग." हा दोघांचा रोजचा विनोद. मला तो आता अजिबात विनोदी वाटत नाही, पण त्या दोघांना वाटायचा, हे खरं.

मला ती "पत्रक" म्हणायची. "ए पत्रक, इकडं ये." मी एका महिला संघटनेचं काम करते, पत्रकं लिहिते, छापून आणते, वाटते. माझी अम्मी शिलाईकाम करते, अक्काच्या झंपरांची मापं तिला तोंडपाठ. दर वर्षी माप थोडं कमी व्हायचं आणि अम्मी म्हणायची, "अक्का, तुम्ही काय खाताय का न्हाय?" अक्का सांगायची, "खात्यात की. मऊ भात दिला की खात्यात."

माझं प्रत्येक पत्रक तिला वाचून दाखवावं लागायचं. ती अप्पांचे पाय चोळत ऐकायची. एकदा मी फार जोशात एक पत्रक वाचलं, स्त्रियांच्या बिनपगारी कष्टांवरचं. ती म्हणाली, "चांगलं लिवलंयस. पर निस्तं 'स्त्रिया, स्त्रिया' लिवलंयस. कोण त्या बाया? कुठं ऱ्हात्यात? नाव-गाव न्हाय काय न्हाय. असं वाचून कुणाला वाईट वाटंल गं?" मी म्हटलं, "तुमचं नाव घालू?" ती म्हणाली, "घालशील तर तंगडी मोडंन." तिचं नाव मी आजही घालत नाहीये. पण गल्ली सांगितली, घर सांगितलं. तेवढी सूट घेते.

आता त्या सकाळचं.

वृद्धांचं आरोग्य आणि त्यांची काळजी घेणारी माणसं, असा विषय घेऊन पाहणी करणारे लोक आमच्या भागात फिरत होते. कोणत्या संस्थेचे ते लिहीत नाही. एका संस्थेचं नाव घेतलं की बाकीच्या सुटतात. अक्काच्या घरी आली ती माझ्याच वयाची एक मुलगी, हातात टॅब, पिशवीत रक्तदाब मोजायचं यंत्र. मी अक्काची झंपरं द्यायला गेले होते, दारातच होते. टीपॉयवर बेंदराचे मातीचे बैल तसेच होते.

"या पावणं, बसा. च्या घेतल्याबिगर उठायचं न्हाय," अक्का म्हणाली आणि आत गेली.

आमच्याकडची ही रीत. पाहुणा उंबरा ओलांडून आत आला की बाई आत जाते. ती मुलगीही इथलीच असणार, तिलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. तिने अप्पांबद्दलचे प्रश्न विचारले, अण्णांनी उत्तरं दिली. अनोळखी माणसांसमोर अप्पा बोलत नसत; जड जिभेची त्यांना लाज वाटायची. मग तिने विचारलं, "आजोबांची मुख्य काळजी कोण घेतं?"

"मीच की," अण्णा म्हणाले. "थोरला मी. डॉक्टर, औषधं, खर्च, समदं माझ्याकडंच."

मी दारातूनच म्हटलं, "अण्णा, काय बोलताय? सगळं अक्का करतात."

अण्णा हसले. "अगं, ती करत्याच की. बायकांचं ते असतंयच. पर जबाबदारी कुणाची? उद्या काय झालं तर फोन कुणाला यील?"

ती मुलगी माझ्याकडे वळून गोड आवाजात म्हणाली, "ताई, घरच्यांना सांगू दे ना."

अप्पांनी डावा हात उचलला आणि आतल्या दाराकडे केला. अण्णा उठले, त्यांना पाणी पाजलं. अप्पांनी पाणी प्यायलं, पण हात खाली घेतला नाही.

मग प्रश्न सुरू झाले. काळजी घेताना थकवा येतो का? "न्हाय बा." झोप मोडते का? "मी एकदा आडवा झालो की सकाळीच." पाठ, कंबर, गुडघे दुखतात? "कशानं दुखत्याल?" एकटेपणा वाटतो? "एकटं कशाला? सांजचं कट्ट्यावर चार दोस्त असत्यात की." बाहेर जाणं-येणं बंद झालंय का? "छे छे."

अण्णा एकही शब्द खोटं बोलले नाहीत. हेच तर भयंकर आहे. सगळी उत्तरं खरी होती, फक्त माणूस चुकीचा होता.

मुलीने त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फुगा दाबला, आकडा बघितला. "एकदम छान आहे काका." अण्णा खुश. "आजून तालमीतल्या पोरांना ऐकणार न्हाय मी."

एवढ्यात अक्का चहा घेऊन आली. ट्रे ठेवला. यंत्र बघितलं. आणि उभ्या उभ्याच बांगड्या कोपराकडे सारून तिने हात पुढे केला. "पोरी, माझं बी बघ की. मागनं डोकं लई चढतंय."

तो हात मी विसरत नाही. इतकी वर्षं समोर राहून, स्वतःच्या तब्येतीबद्दल बोलताना अक्काला मी पहिल्यांदा ऐकलं ते त्या सकाळी. आणि तेही कोणी विचारलं नव्हतं, तिने आपणहून सांगितलं होतं.

ती मुलगी यंत्राची नळी गुंडाळत होती. म्हणाली, "आजी, तुमचं यात बसत नाही हो. एका घरातलं एकच ज्येष्ठ घ्यायचं, आणि एकच काळजी घेणारं. दोन्ही झालं."

"म्हंजी मी कोण?" अक्का हसत म्हणाली.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिनेच बांगड्या खाली सोडल्या. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. घे गं, च्या निवायलाय."

वाचकहो, अक्का ज्येष्ठ होती. अक्का काळजी घेणारी होती. अभ्यास ज्या दोन माणसांना शोधत फिरत होता, ती दोन्ही माणसं एकाच लुगड्यात समोर उभी होती, हात पुढे करून. आणि अभ्यासाने तिच्या हातचा चहा घेतला आणि पुढच्या घरी गेला. त्या मुलीवर माझा राग नाही. दिवसाला किती घरं उरकायची ते तिला वरून सांगितलेलं असतं, पायांत झिजलेल्या चपला होत्या. राग आहे तो प्रश्न जिथे बसून लिहिले जातात तिथल्यांवर. काळजी कोण घेतं, हे बैठकीत बसलेल्या पुरुषाला विचारायचं, आणि काळजी घेणारी तेव्हा गॅसपाशी उभी असणार, हे ज्याला सुचलं नाही त्याने आमच्या घरांत कधी चहा प्यायलेलाच नाही काय? प्यायलाय. पिऊनच गेलाय.

मी त्यांच्या कार्यालयात गेले. पंख्याखाली बसलेले एक सर भेटले, फार सभ्य. म्हणाले, "तुमची भावना समजते."

"भावना राहू दे सर, त्यांचा रक्तदाब मोजा."

"असं आहे, कुटुंब ज्यांचं नाव सांगतं त्यांनाच आम्ही मुख्य काळजीवाहक धरतो. तो नियमच आहे."

"कुटुंब त्या वेळी चहा करत होतं."

त्यांनी चष्मा काढून पुसला. पुढच्या टप्प्यात विचार करू म्हणाले. मी म्हटलं, "पुढच्या टप्प्यापर्यंत ती बाई राहिली पाहिजे ना?" हे मी भांडणाच्या भरात बोलले होते. खरं होईल म्हणून नाही.

मग मीच अक्काला दवाखान्यात न्यायचं ठरवलं. पण न्यायचं म्हणजे अप्पांजवळ कोणीतरी बसायला हवं. अण्णांना विचारलं तर म्हणाले, "बघू की, गुळाचा हंगाम तोंडावर आलाय." शेवटी अम्मी शिलाई बाजूला ठेवून बसली. अक्काने तिला इतक्या सूचना दिल्या की अम्मी वैतागली. "अक्का, मी बी माझ्या सासूचं केलंय. जावा आता." तरी अक्का दारातून परत फिरली. "पाणी चमच्यानं. गलासानं ठसका लागतोय." परत फिरली. "डाव्या कुशीवर लई येळ ठिवू नगंस." अप्पाच शेवटी पलंगावरून जड जिभेने ओरडले, "जा की!"

दवाखाना राजारामपुरीतच, चार गल्ल्या सोडून. रिक्षा करावी लागली, कारण तिला चढाचं चालवत नव्हतं. मुख्य रस्त्याला लागलो आणि अक्का लहान पोरीसारखी बाहेर बघायला लागली. क्लासचे फलक, मोबाइलची दुकानं, काचेचं नवं शोरूम. "हे कवा झालं? आन् हितला तो कापडवाला कुठं गेला?" कापडवाला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. हाकेच्या अंतरावर राहून तिने तो रस्ता बघितला नव्हता. आणि अण्णांच्या तोंडून अभ्यासात नोंद काय झाली? बाहेर जाणं-येणं व्यवस्थित.

डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय आजी?"

अक्का सरसावून बसली. "खोकला कमी हाय. लघवी बरी हुत्या. पाठीला जखम झालती, ती आता भरल्या."

डॉक्टर लिहायला लागले. "पाठीला जखम? दाखवा बघू."

"माझ्या न्हवं! अप्पांच्या."

"आणि तुमचं?"

एवढी तोंडाळ अक्का, पण माझ्याकडे वळून तिने हळूच विचारलं, "माझं काय गं?" जणू ते मी पर्समध्ये घालून आणलं होतं. मग मीच सांगितलं: मागून डोकं दुखतंय, कंबर धरते, चढ चढवत नाही. डॉक्टरांनी एका हाताचा रक्तदाब मोजला, मग दुसऱ्या हाताचा, मग पुन्हा पहिल्याचा. "आजी, हे आधी कोणी मोजलं नाही?"

"मोजाय आलते की घरात," अक्का म्हणाली. "पर माझं बसलं न्हाय त्यात."

गोळ्या सुरू झाल्या. डोकं उतरलं. अक्का अम्मीला म्हणाली, "हलकं वाटतंय गं," आणि अम्मीने मला तीनदा सांगितलं की आज अक्का स्वतःबद्दल बोलली. पण गोळीने लघवीला सारखं जावं लागायचं. अप्पांना पट्ट्यावर अर्धवट उचललेलं असताना सोडून जाणार कशी? म्हणून अंघोळीच्या दिवशी ती गोळी घ्यायची नाही. मग ओल्या फडक्याने अंग पुसून घ्यायच्या दिवशीही घेईना. मी भांडले. डॉक्टर गोळी बदलून देतील, पण त्यासाठी परत जायला हवं. "परत कुणाला बशिवू?" ती म्हणाली. "तुझ्या अम्मीचं काम बुडतंय. अन् ह्यास्नी हंगाम हाय." अण्णांना मी तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "हंगाम उरकला की म्होरल्या महिन्यात मी सोता घिऊन जातो." म्हणाले ते मनापासून. मनापासून पुढे ढकलणं हे आमच्या घरांतल्या पुरुषांना छान जमतं.

संक्रांत झाल्यावरच्या शुक्रवारी, अप्पांच्या अंघोळीच्या दिवशी, अक्का पडली.

सकाळची वेळ. अण्णा यार्डात. अप्पांचं ओरडणं गल्लीने ऐकलं. पण अप्पा पाणी उशिरा आलं तरी ओरडायचे, चहा गार झाला तरी ओरडायचे. कोणाला त्यात वेगळं काही वाटलं नाही. अम्मी तिळाचे लाडू द्यायला गेली आणि तिची किंकाळी आली तेव्हा मी धावले. अक्का पलंगापाशी जमिनीवर होती. लुगड्याच्या पट्ट्याचं एक टोक तिच्या मुठीत. दुसरं टोक अप्पांच्या डाव्या हातात. त्यांचं अर्धं अंग पलंगाबाहेर लोंबकळत होतं, तरी त्या म्हाताऱ्याने तो पट्टा सोडला नव्हता. किती वेळ धरून होते, त्यांनाच ठाऊक. आम्ही दोघी आणि गल्लीतून धावत आलेले दोघं, अशा चौघांनी अक्काला उचललं तर ते रडत रडत म्हणत होते, "गुडघा... गुडघा वाका..." उचलणाऱ्याची पाठ जाऊ नये म्हणून काही सांगणारं त्या घरात एवढं एकच माणूस होतं, आणि ते अर्धांगाने लुळं होतं.

मोठ्या दवाखान्यात नेलं. मेंदूत रक्तस्राव, म्हणाले. संध्याकाळी संपलं.

अण्णा धाय मोकलून रडले. त्यांचं रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. चांगला माणूस आहे. आयुष्यात कधी तिच्यावर हात उचलला नाही, दारू नाही, काही नाही. मला बघून म्हणाले, "हिनं मला कवा कळूच दिलं न्हाय गं."

मी म्हटलं, "तुम्ही विचारलंत कधी?"

आजूबाजूच्या बायकांनी मला गप्प केलं. "ही येळ न्हवं पोरी." मग वेळ कोणती? जिवंत होती तेव्हा हंगाम होता. आता सुतक आहे. ती वेळ कधी येते ते मला कोणीतरी सांगा, मी तेव्हा येते.

भेटायला येणारी माणसं काय म्हणत होती ऐका. "सवाष्ण गेली, भाग्याची." "सासऱ्याची सेवा करता करता गेली, सोनं झालं." "अशा बाया आता हुणार न्हाईत." हे सगळं प्रेमाने, डोळ्यांत पाणी आणून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोनं झालं? उपचार होऊ शकणाऱ्या दुखण्याने एक बाई मेली. हातभर अंतरावर मोजायचं यंत्र असताना मेली. चार गल्ल्यांवर डॉक्टर असताना मेली. तिला भाग्यवान म्हणणाऱ्या प्रत्येकाला मला विचारायचं होतं, हे भाग्य तुमच्या लेकीला देऊ का?

आता अप्पांकडे दोन माणसं येतात, पगारी. पहिल्याच दिवशी त्यांनी अण्णांना सांगितलं, "एकट्यानं उचलायचं न्हाय. दोघं लागतात. न्हायतर पाठ जात्या." तरणे दोघं. बरोबर आहे त्यांचं, मी त्यांच्या बाजूची आहे. पण मग अक्काची पाठ कशाची होती? ती साठी ओलांडलेली बाई ते एकटी करायची, आणि आम्ही सगळे त्याला माया म्हणत होतो. माया होतीच. पण मायेला पाठीचा कणा असतो आणि तो झिजतो, हे कोणत्या पाहणीत विचारलं जातं? अप्पा त्या दोघांशी बोलत नाहीत. सूचनाही देत नाहीत. जिकडे वळवतील तिकडे वळतात.

लिंगायतांत माणूस गेलं की आडवं ठेवत नाहीत, बसवतात. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, अक्काला अंघोळ घालून, कपाळाला विभूती लावून, इरकली लुगडं नेसवून खुर्चीत बसवलं होतं. फुलांच्या माळा घातल्या होत्या. अम्मीने शिवलेलं नवं झंपर अंगात होतं, ते ढगळ झालं होतं. गल्लीतली माणसं एकेक करून पाया पडत होती. मी दारातच उभी राहिले. कारण त्या बैठकीत, त्या खुर्चीत बसलेली अक्का मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. सगळे उभे होते आणि ती बसली होती. कोणी तिच्याकडे पाणी मागत नव्हतं. तिला बसायला जागा मिळायला तिला मरावं लागलं.

संशोधन करणाऱ्यांना जे सांगायचं ते मी त्यांच्या दारात जाऊन सांगतेय, सांगत राहीन. स्वयंपाकघरात जा, तिथे उभ्या उभ्या विचारा, घरातला पुरुष ऐकत नसेल तेव्हा विचारा. हे लिहिलंय ते तुमच्यासाठी. तुम्ही, जे आता आरामात बसून हे वाचताय. तुमच्या घरात अंथरुणाला खिळलेलं म्हातारं माणूस असेल, तर त्याला उचलणारंही कोणीतरी आहे. आई असेल, वहिनी असेल, बायको असेल, पगारी मावशी असेल. तुम्ही तिचं कौतुक करता, मला माहीत आहे. कौतुक थांबवा. हा कागद खाली ठेवा आणि उठा. तुमची खुर्ची तिला द्या. ती नको म्हणेल, तरी हाताला धरून बसवा. ह्याच आठवड्यात तिला दवाखान्यात पाठवा, आणि ती परत येईपर्यंत त्या पलंगापाशी तुम्ही उभे राहा.